विश्लेषण : जुन्या फर्निचरच्या रिस्टोरेशनमध्ये करिअर करायचे आहे? आयटीआयपासून संग्रहालयापर्यंतचे मार्ग कोणते?

घरातली जुनी सागवानी आरामखुर्ची डगमगू लागली, की ती भंगारात जाते किंवा घासूनपुसून तिच्यावर चकचकीत पॉलिश चढते. दोन्हींत जुनी वस्तू हातची जाते. ती वाचवण्याचे कसब म्हणजे फर्निचर रिस्टोरेशन. त्याला सुतारकाम आणि संवर्धन अशी दोन अंगे आहेत. आपल्याला कोणते अंग आधी शिकायचे, हे न ठरवता प्रवेश घेतला तर वर्ष वाया जाऊ शकते.

सुतारकामापेक्षा हे वेगळे कसे?

सुतार खुर्चीला नवा पाय बसवतो. रिस्टोरर आधी जुना पाय वाचतो का, ते पाहतो. जुन्या फर्निचरचे सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. उष्णता आणि ओलावा दिला की सरस सैल होतो आणि लाकूड न मोडता सांधा उकलतो. तिथे इपॉक्सी भरले, तर पुढची दुरुस्ती अवघड होऊन बसते. चपडीचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे ते न खरवडता ताजे करता येते. मशीनने घासले, तर वर्षानुवर्षे चढलेली झळाळी कायमची जाते. कुठे थांबायचे, हे कळणे हेच खरे शिक्षण.

दहावीच्या आत-बाहेर शिक्षण असेल तर?

आयटीआयमधील सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्णांना प्रवेश मिळतो. रंधा, पटाशी, करवत आणि सांध्यांवर हात इथे बसतो. पुढची पायरी म्हणजे उमेदवारी. मुंबईत चोर बाजार आणि जोगेश्वरीचा ओशिवरा भाग जुन्या फर्निचरसाठी ओळखला जातो. अशा बाजारांतील कारागिरांच्या हाताखाली पॉलिश, वेताचे विणकाम, जुन्या लाकडाची पारख शिकता येते.

आधीच सुतारकाम करत असाल तर?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत लाकूडकामाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षणही होते.

पदवीधरांसाठी काय?

संग्रहालयात काम करायचे तर संवर्धनशास्त्र हवे. नोएडातील भारतीय वारसा संस्थेत संवर्धनातील एमए करता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र व कला संवर्धनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. लखनऊची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळाही प्रशिक्षण देते. फक्त फर्निचरचेच संवर्धन शिकायचे असेल, तर इंग्लंडमधील वेस्ट डीन कॉलेज हा पर्याय आहे; मात्र तिथला खर्च मोठा.

प्रवेशाआधी काय विचाराल?

संवर्धनाच्या अभ्यासक्रमांत कागद, धातू, चित्रे असे सगळेच येते. त्यामुळे लाकडावर प्रत्यक्ष काम किती दिवस, हा पहिला प्रश्न. पदवीधराने सोबत एखाद्या सुताराकडे हात घडवावा. सुताराने संवर्धनाची कार्यशाळा गाठावी. प्रत्येक कामाचे आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो, तसेच वापरलेल्या साहित्याची नोंद ठेवावी. ग्राहक प्रमाणपत्राआधी हीच वही पाहतो.