खेळाचा संगणक : थोड्या पैशांत सुटे भाग कसे निवडावेत?

वार्षिक परीक्षा आटोपल्या, निकाल हाती आले, की अनेक घरांतून एक जुनाच हट्ट नव्या रूपाने उभा राहतो. पूर्वी तो सायकलीचा असे. आता तो संगणकाचा असतो, आणि तोही नुसत्या लेखनवाचनाच्या नव्हे, तर ज्यावर आधुनिक खेळ खेळता येतील अशा संगणकाचा. तयार यंत्राची किंमत ऐकून वडील गप्प होतात आणि वडिलांचे मौन पाहून मुलगा. या दोघांमध्ये तडजोडीचा एक मार्ग आहे. सुटे भाग निवडून घ्यावयाचे आणि त्यांतून संगणक जुळवावयाचा, बाजाराच्या भाषेत ‘असेंबल’ करून घ्यावयाचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, दिल्लीचे नेहरू प्लेस या पेठा त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. परंतु जेथे निवडीला वाव असतो तेथे फसगतीलाही वाव असतो; आणि साठवलेला पैसा एकदा चुकीच्या भागांत अडकला, की तो सोडवणे कठीण.

निवडीपूर्वी खेळ चालतो कसा, हे समजून घेणे इष्ट होय. साधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र हलते आणि सलग वाटावे, म्हणून हे सर्व ठिपके सेकंदाला निदान ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग एवढाच अवधी मिळतो. या अवधीत दोन कामकरी राबतात. चेंडू कोठे गेला, प्रतिपक्षाने काय केले, याचा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून प्रत्यक्ष चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. गाडीला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक मंद असला, की दुसऱ्याच्या चपळाईचा उपयोग होत नाही. संगणकाचेही तसेच आहे. उंची प्रोसेसर आणि दुबळे कार्ड ही जोडी बाजारात वारंवार गळ्यात मारली जाते, कारण प्रोसेसरचे नाव ग्राहकाच्या कानावरून गेलेले असते, कार्डाचे नसते.

म्हणून खरेदीचा विचार पडद्यापासून सुरू करावा. २,५६० गुणिले १,४४० ठिपक्यांच्या पडद्यावर कार्डाचे काम पावणेदोन पटींहून थोडे अधिक वाढते. ३,८४० गुणिले २,१६० च्या पडद्यावर ते चौपट होते. मोठ्या पडद्याचा मोह झाला, की त्यामागून महाग कार्ड आणि त्यामागून महाग वीजपुरवठा घेणे ओघानेच येते. बेताच्या रकमेत १,९२० गुणिले १,०८० चा पडदा हाच शहाणपणाचा.

त्यानंतर ग्राफिक्स कार्ड. पडदा वगळून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा अधिक, एकट्या कार्डासाठी राखून ठेवावा. येथे केवळ नावाच्या आकड्यांवर विसंबू नये. ए.एम.डी. कंपनीची दोन कार्डे उदाहरणादाखल घेऊ. ‘आर.एक्स. ६६००’ हे २०२१ च्या ऑक्टोबरात आले आणि ‘आर.एक्स. ६५०० एक्स.टी.’ हे २०२२ च्या जानेवारीत. नावात फरक शंभराचा. पण पहिल्यात चित्रणाचे काम करणारी १,७९२ केंद्रके आणि ८ जी.बी. स्मृती आहे, तर दुसऱ्याच्या मूळ आवृत्तीत १,०२४ केंद्रके आणि अवघी ४ जी.बी. शिवाय दुसरे कार्ड मदरबोर्डाशी केवळ चार मार्गिकांनी बोलते. मदरबोर्ड जुन्या, तिसऱ्या पिढीच्या जोडणीचा असेल, तर त्या मार्गिकांवरील वाहतूक निम्म्यावर येते आणि खेळ अडखळू लागतो. थोडक्यात, कार्ड नवे आहे की जुने, यापेक्षा त्यावर स्मृती किती आणि ते कोणत्या मदरबोर्डावर बसणार, हे प्रश्न महत्त्वाचे. आजच्या खेळांसाठी ८ जी.बी. ही किमान मर्यादा समजावी.

प्रोसेसरच्या बाबतीत सहा गाभ्यांचा, मध्यम दर्जाचा प्रोसेसर पुरतो. ‘रायझन ५ ५६००’ हा या जातीचा चांगला नमुना. त्याला ६५ वॅटचे मानांकन असून, पेटीबंद घेतल्यास थंड ठेवणारा पंखा बहुधा सोबतच मिळतो. तो ज्या ‘ए.एम.४’ खोबणीत बसतो, ती २०१६ पासूनची. २०२२ मध्ये आलेली ‘ए.एम.५’ ही तिची वारसदार. पहिलीचे मदरबोर्ड स्वस्त पडतात; दुसरी महाग, पण पुढे नुसता प्रोसेसर बदलून यंत्राचे आयुष्य वाढवता येते. मात्र नवी खोबण केवळ डी.डी.आर.५ जातीची रॅम स्वीकारते, आणि २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव कसे भडकले, हे ग्राहकांनी पाहिलेच आहे. म्हणून दोन्हींची पूर्ण बेरीज कागदावर मांडल्यावाचून निर्णय करू नये.

ज्यांना आज कार्ड परवडतच नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. ‘५६०० जी’ सारख्या प्रोसेसरच्या पोटातच चित्रणाची बेताची शक्ती असते. त्यावर अभ्यास चालतो, हलके खेळ चालतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी कार्ड जोडता येते. याउलट इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात ही सोय नसते. कार्डावाचून त्याचा पडदा काळाच राहतो.

रॅम १६ जी.बी. असावी, आणि ती एका पट्टीऐवजी ८ जी.बी. च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते. प्रोसेसरला माल दुप्पट रुंदीने मिळतो. पोटातल्या चित्रणशक्तीवर खेळणाऱ्यांना तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण चित्रणासाठीही तीच रॅम वापरली जाते. साठवणुकीसाठी एस.एस.डी. घ्यावी. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कपेक्षा ती कितीतरी वेगवान असते. परंतु एस.एस.डी. च्याच अतिवेगवान जातींसाठी जादा पैसे मोजण्याने खेळाला विशेष लाभ होत नाही. वेगापेक्षा जागेकडे पाहावे; एकेक खेळ आता शंभर जी.बी. वर जातो.

आता राहिला तो भाग, ज्याकडे ग्राहक सर्वांत कमी पाहतो आणि ज्याच्यावाचून बाकी सर्व भाग धोक्यात येतात. तो म्हणजे एस.एम.पी.एस., अर्थात वीजपुरवठ्याचा डबा. पुष्कळ स्वस्त कॅबिनेटांबरोबर तो जवळजवळ फुकटच मिळतो आणि त्यावर ४५० वॅट असा ठळक आकडा छापलेला असतो. परंतु प्रोसेसर आणि कार्ड हे दोघेही प्रामुख्याने १२ व्होल्टच्या वाहिनीवर जगतात. डब्यावरील कोष्टकात या वाहिनीपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्यास १२ ने गुणावे. ३२ अँपिअर असतील, तर ३८४ वॅट मिळतील. १६ असतील, तर अवघे १९२. ‘आर.एक्स. ६६००’ ला १३२ वॅट लागतात, त्यात प्रोसेसर व इतर भाग मिळवले, की हा दुसरा डबा अपुरा ठरतो. असा डबा जळताना पुष्कळदा शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. ‘८० प्लस’ ही खूण डबा वीज किती कमी वाया घालवतो एवढेच सांगते. तो भक्कम आहे की नाही, हे सांगत नाही. म्हणून नामांकित बनावटीचा, अनेक वर्षांच्या हमीचा डबा घ्यावा. घरातील विजेला अर्थिंग आहे ना, हेही याच वेळी तपासून घ्यावे.

वापरलेले कार्ड निम्म्या पैशांत मिळते, हे खरे. २०२२ च्या सप्टेंबरात ‘इथेरियम’ या चलनाचे कार्डांवर होणारे खनन थांबले आणि रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. जुने कार्ड सरसकट वाईट नसते; पण पैसे देण्यापूर्वी ते अर्धा तास जड खेळावर चालवून पाहावे, पंख्यांचा आवाज ऐकावा, आणि मूळ पावती मिळाल्यावाचून सौदा करू नये.

अखेरीस, यंत्र घरी आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. पडद्याची तार मदरबोर्डाला नव्हे, तर कार्डाला जोडली आहे ना? रॅम तिच्या पाकिटावर लिहिलेल्या वेगाने चालते आहे ना? पुष्कळदा ती वेगवान असूनही, बायोसमधील ‘एक्स.एम.पी.’ ची कळ चालू करीपर्यंत मंदच राहते. आणि १४४ हर्ट्झचा पडदा घेतला असल्यास तो विंडोजमध्ये ६० वरच बसलेला नाही ना? या तिन्ही दुरुस्त्यांना एक पैसाही लागत नाही. पण त्या न केल्यामुळे चांगले यंत्र वर्षभर अर्ध्या शक्तीने चालवणारी घरे थोडी नाहीत.

बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी भागांची यादी बापलेकांनी एकत्र बसून करावी, दोन दुकानांत तीच यादी दाखवून भाव घ्यावेत, आणि प्रत्येक भागाच्या क्रमांकासह पक्की पावती मागावी. दुकानदाराने यादीतील एखादा भाग बदलावयास सुचवले, तर कारण विचारावे, आणि कारण पटेपर्यंत पाकीट उघडू नये.