ढगांवरचा वारा मोजताना

चामोर्शी तालुक्यात धानाची रोवणी साधणार की खोळंबणार, हे बरेचदा बंगालच्या उपसागरात ठरते. तिथे उठलेली कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा-छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे येतात आणि त्यांची वाट बरीचशी वरच्या थरांतले वारे ठरवतात. हे वारे मोजणारा फुगा सुटतो तो दूर नागपूरहून. समुद्रावर तर फुगे जवळपास नाहीतच. उपग्रह ढगांच्या सरकण्यावरून वारा ताडतात, पण ढगाची नेमकी उंची चुकली की सगळे गणित चुकते. म्हणून अवकाशातून लेसरने वारा मोजणे ही चैन नसून गरज आहे, असे माझे मत आहे.

युरोपीय अवकाश संस्थेचा एओलस उपग्रह 22 ऑगस्ट 2018 रोजी झेपावला. सुमारे 320 किलोमीटर उंचीवरून तो 355 नॅनोमीटरचे अतिनील झोत सेकंदाला पन्नासेक वेळा खाली सोडी. हवेचे रेणू आणि धूलिकण यांवरून परतलेला क्षीण प्रकाश दीड मीटर व्यासाची दुर्बीण टिपे. परतायला लागलेल्या वेळेवरून उंची कळे, तरंगलांबीतल्या बदलावरून वेग. सेकंदाला एक मीटर वेगासाठी हा बदल पंधरा कोटींत एक भाग! दुर्बिणीच्या आरशाचे तापमान जरा हलले तरी आकडे बिघडत, आणि पहिला लेसर मंदावल्याने 2019 मध्ये दुसरा सुरू करावा लागला. तरीही जानेवारी 2020 पासून युरोपच्या मध्यम मुदतीच्या हवामान केंद्राने ही मोजमापे रोजच्या अंदाजात घेतली, आणि उष्ण कटिबंधात त्यांचा फायदा ठळक दिसला.

आषाढातल्या दाट ढगांतून लेसर आरपार जात नाही, हा आक्षेप खराच. पण ढगमाथ्यावरचे त्याला दिसते, आणि पी. कोटेश्वरम यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिलेला पावसाळ्यातला पूर्वेकडचा वेगवान प्रवाह तिथेच, 14-15 किलोमीटरवर असतो. एओलस एकाच रेषेतला वेग मोजे, हेही खरे. मात्र आपल्या अक्षांशांत ती रेषा जवळपास पूर्व-पश्चिम, म्हणजे या प्रवाहाचीच. त्यापेक्षा जवळ रडार बसवा, असे कोणी म्हणेल. रडार हवेच, पण ते भोवतालचा पाऊस दाखवते. ऑगस्ट 2020 अखेरीस वैनगंगेला पूर आला तो वर मध्य प्रदेशात कोसळलेल्या पावसाने.

28 जुलै 2023 रोजी एओलस वातावरणात उतरवून नष्ट करण्यात आला. त्याचा उत्तराधिकारी 2034 च्या सुमारास अपेक्षित आहे. तोवर निदान पूर्व विदर्भात फुग्यांचे एखादे केंद्र वाढवावे; त्याला नवे तंत्र लागत नाही.