तळे खुले, पण घागर रिकामी!

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात एमआयडीसीतला कामगार राहतो, बांधकामावरचा मिस्त्री राहतो, रोजमजुरीला जाणारी आई राहते. त्यांच्या मुलामुलींना आज शिकायचे तर पुस्तकाइतकेच इंटरनेट लागते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर, जात पडताळणीचा अर्ज 'बार्टी'च्या संकेतस्थळावर. सीईटी, प्रवेशफेरी, नोकरभरती, हॉलतिकीट सारे ऑनलाइन. कार्यालयाची खिडकी आता मोबाईलमध्ये आली आहे. ज्याचे रिचार्ज संपले, त्याला ती बंद. अर्ज चुकला की शिष्यवृत्ती बुडते आणि कधी कधी शिक्षणच सुटते.

"मोबाईल तर घरोघरी आहे, आणखी काय हवे?" असे विचारणारे भेटतात. आमचा पेशा हिशेबाचा, म्हणून हिशेबच मांडतो. पगार वर्षात 12 वेळा होतो, पण 28 दिवसांचे रिचार्ज 13 वेळा मारावे लागते. 2022 साली 'ट्राय'ने प्रत्येक कंपनीला निदान एक 30 दिवसांचा प्लॅन ठेवायला लावले, तरी 28 दिवसांचे प्लॅन सुरूच आहेत. जुलै 2024 मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. घरात फोन एक, शिकणारी लेकरे तीन, आणि फोन बापाच्या खिशात, कामावर! दिवसाचा डेटा संपला की वेग इतका मंदावतो की अर्जाला फोटोही जोडता येत नाही. याला इंटरनेट मिळणे म्हणायचे काय?

मग पैसा नाही का? आहे! टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातून 2002 पासून सार्वत्रिक सेवा निधीसाठी 5 टक्के रक्कम घेतली जाते. तो महसूल आपल्याच रिचार्जचा. या निधीतून अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर केबलने जोडण्याची योजना 2011 साली मंजूर झाली. 2015 साली तिला 'भारतनेट' नाव मिळाले. 2023 साली आणखी सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपये मंजूर झाले. त्यात दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी देण्याचे उद्दिष्ट आहे. पण ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आलेली केबल म्हणजे वस्तीतले नेट नव्हे. मेळघाटातील हरिसाल 2016 साली 'डिजिटल गाव' म्हणून गाजले; 2019 च्या निवडणुकीत तेथील सोयी खरोखर चालतात काय, यावरच राज्यभर वाद झाला.

आपल्याला हे नवीन नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदेमंडळात झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी ओंजळीत पाणी आले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा तो हक्क बजावला गेला. ठराव झाला म्हणजे तहान भागली असे होत नाही, हा महाडचा धडा आहे.

आज कायदाही आपल्या बाजूने बोलू लागला आहे. इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने 2019 साली म्हटले. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. केरळ सरकारने स्वतःचे फायबर जाळे उभारून 2023 साली सुरू केले आणि 20 लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. केरळला जे सुचले, ते महाराष्ट्राला का सुचू नये?

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वस्तीतील शाळा, अभ्यासिका आणि समाजमंदिरापर्यंत वेगवान जोडणी द्या. शिकणारी मुले असलेल्या गरीब घराला ती मोफत द्या, इतरांना मजुरीत परवडेल अशा दरात द्या. आणि हे होईपर्यंत कागदी अर्ज घेणारी खिडकी बंद करू नका.

आपणही स्वस्थ बसू नये. आपल्या भागात भारतनेटची केबल कोठे आली, ती चालू आहे की बंद, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ग्रामसभेत, नगरपरिषदेत हा विषय मांडा. विहारात वर्गणीतून एक संगणक व एक जोडणी घ्या. शिकलेल्या तरुणांनी रविवारी दोन तास बसून लेकरांचे अर्ज भरून द्यावेत. महिला मंडळांनी शेवटच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात. वस्तीतले एकही लेकरू नेटवाचून शिष्यवृत्तीला मुकणार नाही, एवढी जबाबदारी प्रत्येक विहाराने उचलावी.