आधी माकडहाड, मग गॉगल!

गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला जायचं ठरलं तेव्हा मी शॉपिंग अगदी जोरात केलं होतं. निऑन जॅकेट, आरशासारखा चमकणारा गॉगल, मॅचिंग टोपी... फोटो कसे सॉलिड येतील, या विचारात दोन वीकेंड गेले. 'आतून काय घालणार?' हा प्रश्न फक्त आईने विचारला. मी म्हटलं, 'थर्मल!'

पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात, नवशिक्यांच्या त्या जेमतेम उतारावर मी मागच्या मागे आपटले. थेट माकडहाडावर. बर्फ म्हणजे कापूस, हा हिंदी सिनेमाने करून दिलेला गैरसमज! वर अफरवटला भुसभुशीत बर्फ मिळतोही, पण शिकाऊंचा उतार तुडवून तुडवून घट्ट होतो. रात्री गोठला की सकाळी चक्क फरशी. हाड मोडलं नाही, नुसता मुका मार. पण नंतर दीड महिना मी हवा भरलेल्या गोल उशीवर बसून लेख लिहिले आणि रिक्षातून जाताना शहरातला प्रत्येक स्पीडब्रेकर पाठ केला.

यावरचा उपाय इतका साधा होता, की आता चिडायला होतं. पॅडेड शॉर्ट्स! सायकलवाल्यांच्या चड्डीसारखी घट्ट, थर्मलवर आणि स्की पँटच्या आत घालायची. माकडहाड, खुबे आणि मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला पॅड. महागड्या पॅडमध्ये डीथ्रीओसारखं मटेरियल असतं; एरवी मऊ, फटका बसला की त्या क्षणापुरतं कडक. 2006 च्या तुरिन विंटर ऑलिंपिकमध्ये काही स्की रेसर्सच्या सूटमध्ये ते होतं. आपल्या स्पीडला जाड फोमही चालतो. माझ्या रूममेटने क्रिकेटचा थाय पॅड सुचवला होता. अगं, बॉल समोरून येतो, बर्फ मागून!

घेताना स्की पँट घालूनच ट्राय करा आणि दुकानात खुशाल उकिडवे बसा. पॅड सरकलं, तर ती शॉर्ट्स तुमची नाही.

मग मनगटं. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. तोल गेला की पाऊल टाकून सावरता येत नाही, हात आपोआप पुढे जातात आणि सगळं वजन मनगटावर. नवशिक्या स्नोबोर्डर्सच्या दुखापतींमध्ये मनगट अगदी वरच्या नंबरात असतं, आणि रिस्ट गार्डने हा धोका कमी होतो हे अभ्यासांतूनही दिसलंय. ग्लव्ह्ज एक साइज मोठे घ्या, म्हणजे गार्ड आत मावतात. स्कीइंगवाल्यांचं दुखणं वेगळं, त्यांचा गुडघा पिळवटतो. आतलं लिगामेंट कुठल्याही पॅडने वाचत नाही. निदान बाइंडिंग सेट करून घेताना आपलं वजन खरं सांगा (इथे तरी चोरू नका, प्लीज!). हेल्मेटवर ईएन 1077 हा मार्क बघायचा, ते मात्र दोघांनाही कंपल्सरी समजा.

पुढच्या सीझनला मी परत गेले. इन्स्ट्रक्टर पुन्हा पुन्हा ओरडत होता, 'गिरो, लेकिन मुठ्ठी बंद!' मी पडले. तेविसाव्या वेळेनंतर मोजणं सोडलं. गंमत म्हणजे, आपटायची भीती गेल्यावर अंग सैल झालं आणि तिसऱ्या दिवशी पहिला धड टर्न जमला. फोटोत मी चांगली चार किलो जाड दिसतेय. संध्याकाळी एका ढाब्यावर लाकडी बाकावर कहवा प्यायले.

बसून. उशीशिवाय.