शाळेच्या लॅपटॉपसाठी प्रक्रियकाची निवड

शाळेसाठी घेतलेली वस्तू पुष्कळ वर्षे उपयोगी पडावी, अशी आपणा सर्वांची दृष्टी असते. तक्ते, पृथ्वीगोल किंवा तराजू यांची पारख शिक्षकास सहज करता येते, कारण त्यांचे गुणदोष डोळ्यांस दिसतात. लॅपटॉपचे तसे नाही. बाहेरून अगदी सारखी दिसणारी दोन यंत्रे आतून निराळी असतात, आणि तो निराळेपणा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जाणवू लागतो. तोपर्यंत अनुदानाची किंवा ग्रामस्थांच्या वर्गणीची रक्कम खर्ची पडलेली असते व ती पुन्हा लवकर हाती येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उदाहरणादाखल मावळ तालुक्यातील सोमाटणे हे गाव घेऊ. ते जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर वसलेले आहे. तळेगाव दाभाडे जवळ आहे. पिंपरी-चिंचवड व पुणे येथील बाजारपेठांतही एका दिवसात जाऊन येता येते. अशा ठिकाणच्या शाळेस निवडीला वाव पुष्कळ असतो, आणि निवड चुकण्यासही तितकाच. या शाळेस एक हलका व सडपातळ लॅपटॉप घ्यावयाचा आहे आणि दुकानदाराने जवळजवळ सारखी दोन यंत्रे पुढे ठेविली आहेत, असे धरू. दोहोंवर ‘एएमडी राइझेन ५’ अशीच चिठ्ठी आहे. मात्र एकात ‘७५२०यू’ व दुसऱ्यात ‘७५३०यू’ हा प्रक्रियक आहे. दहाचाच फरक दिसतो. तो कितपत महत्त्वाचा समजावा?

प्रक्रियकाचे कार्य

दुकानात ज्यास प्रोसेसर म्हणतात, तो प्रक्रियक म्हणजे यंत्रातील प्रत्यक्ष काम करणारा भाग होय. त्याचे कार्य मावळातील शिक्षकांस भातलावणीच्या दृष्टांताने चांगले समजेल. खाचरात उतरून रोपे लावणारी माणसे म्हणजे प्रक्रियकाचे गाभे. यांनाच कोअर म्हणतात. त्यांच्या हातांचा वेग म्हणजे गिगाहर्ट्झ. बांधावर आणून ठेवलेल्या रोपांच्या जुड्या म्हणजे प्रक्रियकाच्या पोटातील जवळची स्मृती, म्हणजे कॅशे; आणि दूर असलेली रोपवाटिका म्हणजे यंत्राची मुख्य स्मृती, म्हणजे रॅम. हात कितीही चपळ असोत, बांधावरच्या जुड्या वारंवार संपू लागल्या तर माणसांना थांबून राहावे लागते. यावरून केवळ हातांचा वेग पाहून लावणी केव्हा उरकेल हे सांगता येणार नाही, हे उघड आहे.

अनेकांनी काम वाटून घेण्याचे हे तत्त्व पुण्यास नवे नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्यात अनेक प्रक्रियक एकत्र जोडून एकच मोठे काम त्यांच्यामध्ये वाटून दिले जात असे. आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही हेच तत्त्व लहान प्रमाणावर, एकाच चकतीवर वापरलेले असते.

नावातील अंक कसे वाचावेत

एएमडी कंपनीने २०२२ साली आपल्या लॅपटॉपच्या प्रक्रियकांसाठी चार अंकी नावांची एक पद्धत जाहीर केली. त्या पद्धतीत पहिला अंक वर्ष दर्शवितो. ७ म्हणजे २०२३ सालची मालिका. दुसरा अंक दर्जा सांगतो. तिसरा अंक सर्वांत महत्त्वाचा, कारण आतील रचना कोणत्या पिढीची आहे हे त्यावरून कळते. चौथा अंक त्याच प्रतीतील उजवे-डावे दाखवितो. शेवटचे ‘यू’ हे अक्षर कमी विजेवर चालणाऱ्या, म्हणजेच सडपातळ यंत्रांसाठी केलेल्या प्रक्रियकाची खूण आहे.

आता आपली दोन नावे वाचू. ७५२०यू मध्ये तिसरा अंक २ आहे. म्हणजे त्यातील गाभे ‘झेन २’ या रचनेचे आहेत, आणि ती रचना प्रथम २०१९ साली बाजारात आली. ७५३०यू मध्ये तो अंक ३ आहे. म्हणजे गाभे ‘झेन ३’ या २०२० सालच्या रचनेचे आहेत. आरंभीचा ७ पाहून दोन्ही एकाच वर्षाचे नवे काम असावे असा समज होतो. तो बरोबर नाही. चिठ्ठीवरील ‘५’ हा आकडाही दोहोंस समान असल्यामुळे निवडीस उपयोगी पडत नाही. ही वाचनाची रीत इतर कंपन्यांच्या प्रक्रियकांस लागू नाही, आणि एएमडीनेही पुढील मालिकांत नावांची पद्धत बदलली आहे, हे ध्यानात ठेवावे.

दोहोंची तुलना

७५२०यू मध्ये चार गाभे आहेत व ते एका वेळी कामाचे आठ धागे हाताळतात. ७५३०यू मध्ये सहा गाभे व बारा धागे आहेत. पहिल्यात गाभ्यांची सामाईक जवळची स्मृती ४ मेगाबाइट, तर दुसऱ्यात १६ मेगाबाइट, म्हणजे चौपट आहे. आपल्या दृष्टांतात सांगावयाचे तर दुसऱ्या खाचरात माणसे दीडपट असून बांधावरच्या जुड्या चौपट आहेत.

वेगाच्या आकड्यांनी मात्र गोंधळ होण्याचा संभव असतो. मूळ वेग पाहिला तर ७५२०यू चा २.८ गिगाहर्ट्झ व ७५३०यू चा २.० गिगाहर्ट्झ आहे; म्हणजे येथे दुबळाच पुढे दिसतो. कमाल वेग अनुक्रमे ४.३ व ४.५ गिगाहर्ट्झ आहे. परंतु झेन ३ रचनेचा गाभा एका ठोक्यात अधिक काम उरकतो. म्हणून निरनिराळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ परस्परांशी ताडून पाहणे योग्य नव्हे. एकंदरीत ७५३०यू हाच अधिक समर्थ आहे.

तथापि ७५२०यू सर्वच बाबतींत उणा आहे असे नाही. तो नंतरच्या, अधिक सूक्ष्म अशा ६ नॅनोमीटर पद्धतीने घडविलेला आहे. ७५३०यू ७ नॅनोमीटरचा आहे. हलक्या कामात पहिला वीज कमी खातो. शिवाय ‘एव्ही१’ या नव्या पद्धतीने आटोपशीर केलेली चित्रफीत उलगडण्याची सोय त्यात अंगभूत आहे. ७५३०यू मध्ये ती नसल्याने ते काम गाभ्यांवर पडते. केवळ पाठांच्या चित्रफिती दाखवावयाच्या असतील, तर ही गोष्ट पहिल्याच्या बाजूने मोजावी लागेल.

उष्णता व बॅटरी

दोन्ही प्रक्रियक १५ वॅट उष्णता गृहीत धरून आखलेले आहेत. हा आकडा म्हणजे यंत्राचा अखंड वीजवापर नव्हे. दीर्घ कामात निर्माण होणारी किती उष्णता यंत्राने बाहेर टाकावयास हवी, याचा तो अंदाज आहे. सडपातळ देहात पंखा लहान असतो. उष्णता बाहेर पडली नाही, तर प्रक्रियक आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून प्रक्रियक उत्तम असूनही वाऱ्याचे मार्ग अपुरे असल्यास पैसे वाया जातात. यंत्र गादीवर किंवा कापडावर ठेवून वापरू नये, याचेही कारण हेच.

पावसाळ्यात वीज गेली असता बॅटरीवर किती वेळ काम होईल, याचा हिशेब सोपा आहे. बॅटरीवर तिची धारणाशक्ती वॅट-तासांत लिहिलेली असते. बॅटरी ४२ वॅट-तासांची असून यंत्र सरासरी ७ वॅट वीज घेत असेल, तर ४२ भागिले ७, म्हणजे ६ तास काम होईल. पडद्याचा उजेड वाढविला की भाजक वाढतो व भागाकार घटतो. येथे प्रक्रियकाच्या नावापेक्षा बॅटरीची धारणाशक्ती व पडद्याचा उजेड यांचाच परिणाम बहुधा मोठा असतो.

स्मृतीचा प्रश्न

या निवडीतील खरी मेख स्मृतीत आहे. ७५२०यू बरोबर फक्त ‘एलपीडीडीआर५’ जातीची स्मृती चालते, आणि ती मुख्य पट्टिकेवर डाख देऊन पक्की बसविलेली असते. यंत्र ८ गिगाबाइटचे घेतले, तर ते अखेरपर्यंत ८ गिगाबाइटचेच राहणार. ७५३०यू बरोबर ‘डीडीआर४’ स्मृती चालते. ती काही यंत्रांत खाचेत बसविलेली असते व पुढे वाढविता येते. परंतु काही यंत्रांत तीही पक्की असते, म्हणून विचारून खात्री करावी. स्मृती अपुरी पडली की उत्तम प्रक्रियकही रोपवाटिकेकडे पाहत उभ्या राहिलेल्या मजुरासारखा होतो.

निर्णय कसा करावा

प्रथम शाळेचे काम लिहून काढावे. युडायस प्लस व सरल यांची माहिती भरणे, प्रश्नपत्रिका तयार करणे, दीक्षावरील पाठ दाखविणे, एवढेच काम एक शिक्षक एका वेळी एक याप्रमाणे करणार असेल, तर ७५२०यू पुरेसा आहे. किमतीत पुरेसा फरक असल्यास तो अवश्य घ्यावा व उरलेली रक्कम अधिक स्मृतीकडे किंवा चांगल्या बॅटरीकडे वळवावी.

याउलट एकच यंत्र सर्व शिक्षक वापरणार, ऑनलाइन बैठक चालू असताना तक्तेही उघडे राहणार, पाठांच्या चित्रफिती शाळेतच जोडावयाच्या, आणि यंत्र सहा-सात वर्षे टिकवावयाचे, अशी स्थिती असेल तर ७५३०यू घेणे श्रेयस्कर होय. मात्र त्यात स्मृतीची मोकळी खाच असावी किंवा आरंभीच १६ गिगाबाइट असावेत. ८ गिगाबाइटवर कायमचे बांधलेले ७५३०यू चे यंत्र व १६ गिगाबाइटचे ७५२०यू चे यंत्र सारख्या किमतीत मिळत असल्यास, अनेक कामे एकदम उघडी ठेवणाऱ्या शाळेने दुसऱ्याचा विचार करावा.

दुकानात पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. प्रक्रियकाचे पूर्ण नाव देयकावर लिहून घ्यावे. ‘राइझेन ५’ एवढेच लिहिलेले देयक स्वीकारू नये.
२. यंत्र चालू करून ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’ व त्यातील ‘अबाउट’ येथे तेच नाव दिसते काय, ते पाहावे.
३. स्मृती किती, पक्की की खाचेतील, आणि खाच मोकळी आहे काय, हे विचारावे.
४. बॅटरीचे वॅट-तास टिपून घ्यावेत.
५. अर्धा तास चित्रफीत चालवून यंत्र किती तापते व पंखा किती आवाज करतो, ते स्वतः अनुभवावे.
६. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणून यंत्रात विंडोज ११ असल्याची खात्री करावी.

शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवताना दोन्ही यंत्रांची ही माहिती एका कागदावर शेजारी शेजारी मांडून न्यावी. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांना आपला पैसा कशासाठी खर्च झाला हे त्यावरून समजेल. इयत्ता पाचवीच्या मुलांस बॅटरीच्या तासांचा भागाकार व स्मृतीची चौपट हीच उदाहरणे गणितात घालता येतील. वर्गात रोज दिसणाऱ्या यंत्राचा हिशेब मुले आवडीने करतात.