हार्मोनचा उपचार कोणाला लागू पडतो?

साठी उलटलेल्या माणसाला लघवीचा त्रास सुरू झाला की घरात "वयच झालं" म्हणतात. क्वचित तो प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असतो, आणि कळेतो हाडांत पोचलेला असतो. आपल्या बार्शीला १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवतात. देशातील ही पहिली ग्रामीण नोंदणी.

हा रोग वृषणांतील पुरुषी हार्मोनवर पोसतो. ते तोडले की तो ओसरतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. पाट बंद केला की पीक सुकावे, तसेच हे. पण काही तण पाण्यावाचूनही तग धरते! ते कोणाच्या अंगात आहे, हे कसे ओळखावे?

रक्तातील पीएसएवरून. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रोग पसरलेल्यांचे रक्त सात महिन्यांच्या उपचारानंतर तपासले. आकडा ०.२ वा त्याहून खाली उतरलेल्यांपैकी निम्मे ७५ महिन्यांहून अधिक जगले. ४ च्या वर राहिलेल्यांपैकी निम्मे १३ महिन्यांतच गेले. तेव्हा दुखणे थांबले म्हणून इंजेक्शन चुकवू नका, आणि तपासणीचे सगळे कागद जपा. आकडा पुरेसा उतरला नाही, तर आता डॉक्टरांपाशी आणखी औषधे आहेत.