गिरणगांवांतील ‘गांवची खोली’

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस, समुद्रकांठीं, यशवंतगडाच्या आसऱ्यानें रेडी हें गांव वसलेलें आहे. माड पुष्कळ, पण साऱ्या घराला वर्षभर पुरेल एवढें भात पिकणें कठीण. म्हणून या किनाऱ्यावरील तरुण वेंगुर्ले बंदरांत आगबोट धरीत आणि मुंबईस उतरून परळ-लालबागेची वाट चालूं लागत. श्रोतेहो, त्या वाटेच्या शेवटीं जी वस्ती उभी राहिली, तिलाच गिरणगांव म्हणतात.

१८५४ सालीं कावसजी दावर यांनीं ताडदेवास कापसाच्या गिरणीची कंपनी काढली. पुढें परळपर्यंत धुराडींच धुराडीं झालीं. परंतु धुराडीं म्हणजे वस्ती नव्हे. वस्तीचा प्राण होता ‘गांवची खोली’. एका गांवचे वीस-पंचवीस गडी मिळून चाळींतील एक खोली भाड्यानें घेत. एवढीं माणसें मावत कशीं? गिरणी पाळ्यांत चाले. रात्रपाळीचा गडी येऊन आडवा होई, तेव्हां दिवसपाळीचा कामावर गेलेला असे. भिंतीशीं ज्याची त्याची ट्रंक नि वळकटी. उकाडा वाढला कीं निजणें गॅलरींत, नाहींतर रस्त्याच्या कडेला. वर्गणी ठरलेली, हिशेब गांवकऱ्यापाशीं. बेकारासहि तेथें थारा मिळे. मात्र खोल्या गांवाप्रमाणें जातीनेंहि वांटलेल्या असत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

बायकामुलें गांवीं शेत राखीत आणि मनिऑर्डरीची वाट पाहत. गिरणीमालकांना ही व्यवस्था फार स्वस्त पडली, कारण मजुराच्या संसाराचा मोठा भार कोंकणची जमीन वाहत होती.

जेवण खानावळींत. खानावळवाल्या बाईला पैसे मिळत ते पगार झाल्यावर. तोंवर वाण्याची उधारी आणि सावकाराचें व्याज. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा बायांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. संप लांबत गेला, तसे अनेक गडी गांवीं परतले. पुढें एकामागून एक गिरण्या बंद झाल्या, आणि त्यांच्या आवारांत टोलेजंग इमारती आल्या. कांहीं गांवच्या खोल्या मात्र अद्याप टिकून आहेत. नोकरीच्या मुलाखतीस आलेला मुलगा, केईएम किंवा टाटा रुग्णालयांत कोणाला घेऊन आलेला नातलग, असे पाहुणे तेथें चार दिवस उतरतात.